कोंबडा तुमचा, फरशी तुमची, आणि पोतेरं कोणाच्या हातात?



आज जरा कडू लिहिणार आहे. राग आला तर येऊ द्या, पण शेवटपर्यंत वाचा आणि मग आपल्या अंगणात जाऊन मोजा.

आमच्या जुन्नर भागात कुठल्याही वाडीवर जा. परसात बारा-पंधरा कोंबड्या आणि त्यात सहा-सात कोंबडे. ओसरीवर आरशासारखी पांढरी टाइल. त्या टाइलवर ठिकठिकाणी शीट पडलेली, आणि घरातली बाई वाकून ती पुसतेय. दिवसातून तीनदा. विचारलं की कारभारी म्हणतात, "कोंबड्यांना काय खर्च येतोय? फुकटात पाळल्यात."

फुकटात! हा शब्द मला सहन होत नाही. परसातल्या कोंबड्या परवडतात, हे मी स्वतः वीसेक पक्षी सांभाळून सांगते. पण कोंबडे किती ठेवायचे आणि घरात फरशी कसली टाकायची, हे दोन निर्णय बहुतेक घरांत गडीमाणूस घेतो. एकाने परस मिरवायचं, दुसऱ्याने घर मिरवायचं. दोन्हींचं रोजचं काम मात्र बाईच्या कंबरेवर आणि गुडघ्यावर. ते कुठल्याच वहीत लिहिलं जात नाही म्हणून धंदा फुकटातला दिसतो. माझं म्हणणं एवढंच आहे की जिला पुसायचंय, तिला विचारून हे दोन्ही निर्णय घ्या. कोंबड्यांची संख्याही खाली येईल आणि फरशीही बदलेल.

आधी कोंबड्यांचं बोलू.

पहिला गैरसमज, "कोंबडा नसला तर कोंबडी अंडी देत नाही." साफ खोटं. कोंबडी अंडं घालते ते तिच्या वयावर, खाण्यावर आणि उजेडावर. कोंबड्याची गरज फक्त अंड्यातून पिल्लू निघावं म्हणून. आणि त्यासाठीसुद्धा गावरान कळपात आठ ते दहा माद्यांना एक नर पुरतो. कोंबडीच्या पोटात नराचं बीज टिकून राहतं. कोंबडा बाजूला काढल्यावरही दहा-बारा दिवस फलित अंडी येत राहतात. म्हणजे दहा कोंबड्यांवर एक नर भरपूर झाला. मग उरलेले पाच-सहा कशासाठी?

दुसरं म्हणणं, "कोंबडा लागलेलं अंडं ताकदीचं असतं." फलित आणि अफलित अंड्याच्या पोषणात फरक नसतो. उलट खायच्या अंड्यासाठी उन्हाळ्यात कोंबडा नसलेलाच बरा. चैत्र-वैशाखात आपल्या पत्र्याच्या घरात पारा पस्तीसच्या वर जातो. फलित अंड्यात त्या उबेनेच गर्भ वाढायला लागतो आणि चार-पाच दिवसांत आत लाल शिरा दिसतात. गिऱ्हाईकाने फोडलं की बोंब, आणि पुन्हा तो आपल्या दारात येत नाही. अफलित अंडं त्याच उकाड्यात जास्त टिकतं. उन्हाळ्यात पिल्लं काढायची नसतील तर कोंबडे सरळ वेगळ्या खुराड्यात कोंडा. अंड्यांची संख्या एकानेही कमी होणार नाही.

तिसरं, "कोंबडा राखण करतो." हे मात्र खरं आहे, मी नाकारत नाही. घार दिसली की कोंबडा आवाज देतो आणि पिल्लं झुडपात घुसतात. पण त्याला एक कोंबडा पुरतो. सहा असले की त्यांचं लक्ष घारीकडे नसतंच, एकमेकांच्या मानगुटीवर असतं. बिबट्याचं तर बोलायलाच नको. आमच्याकडे तो अंगणातून कुत्रं उचलून नेतो, तिथं कोंबडा काय राखण करणार? तिथं मजबूत जाळी आणि संध्याकाळी वेळेवर लावलेली कडीच कामाला येते.

चौथं, "राहू दे, खातोय काय तो!" बसा, हिशोब करू. मोठा कोंबडा दिवसाला शंभर ग्रॅमच्या वर खातो. निम्मं तो उकिरड्यावर आणि बांधावर मिळवतो असं धरा. उरलेलं पन्नास ग्रॅम घरातलं, म्हणजे ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी. सहा जास्तीचे कोंबडे, रोज पन्नास ग्रॅम, ३६५ दिवस. झाले १०९ किलो. एक क्विंटलच्या वर धान्य, आणि बदल्यात अंडं एक नाही. पाच-सहा महिन्यांनंतर त्याचं वजनही फारसं वाढत नाही, नुसतं खाणं चालू राहतं. एवढंच धान्य तलंगांना घातलं असतं तर निदान अंडी तरी आली असती. आणि एक मोठा पक्षी दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास ओली शीट टाकतो. सहा कोंबड्यांची अर्धा किलोच्या वर झाली. ती पुसतं कोण?

आता कोंबड्यांचे हाल बघा. जास्त नर असले की एकाच कोंबडीवर तिघं-चौघं चढतात. तिच्या पाठीची पिसं जातात, कातडी उघडी पडते, नराच्या नखांनी आणि पायामागच्या काट्याने जखमा होतात. रक्त दिसलं की बाकीचे पक्षी तिथंच टोचतात. अशी कोंबडी दिवसभर लपून बसते, दाण्याला येत नाही, अंड्यावरून उतरते. मग आपण म्हणतो, "यंदा कोंबड्यांनी अंडी कमी दिली, कुणाची तरी नजर लागली." नजर कुणाची नाही बाबांनो. तिच्या पाठीवर एकदा हात फिरवून बघा.

आणि झुंजीसाठी कोंबडे पोसणाऱ्यांना एकच सांगते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्यांच्या झुंजी लावणं गुन्हा आहे. त्यावर जास्त शब्द खर्च करत नाही.

मग करायचं काय? जे करावं असं मला वाटतं ते क्रमाने लिहिते.

१) निवड. खुडूक बसवलेल्या कोंबडीची दहा पिल्लं निघाली की साधारण पाच नर असणार, हे धरूनच चाला. दीड-दोन महिन्यांत तुऱ्यावरून नर ओळखू येतो. तेव्हाच ठरवा, ठेवायचा कोण आणि विकायचे कोण. पाय सरळ, डोळे तेजदार, आणि दाणा दिसला की टुकटुक आवाज करून माद्यांना बोलावणारा नर ठेवा. सगळ्यात मोठा, सगळ्यात भांडखोर तो नव्हे. माणसाच्या, त्यातही लहान पोरांच्या अंगावर धावणारा कोंबडा एक दिवसही ठेवू नका. त्याचा काटा पोराच्या डोळ्यात गेला तर विकून आलेले पैसे कामाला येणार नाहीत.

२) संख्या. दहा माद्यांना एक नर, आणि एक तरणा नर राखीव. वीस माद्यांना दोन आणि एक राखीव. नवसाचा कोंबडा देवाचा, त्याला कोण हात लावणार? पण तो वेगळा ठेवा, त्याच्या पायात दोरा बांधा आणि हिशोबात धरू नका. नवसाच्या नावाखाली चार-चार कोंबडे सांभाळणारेही मला माहीत आहेत.

३) विक्री. कोंबड्याचा भाव वर्षभर सारखा नसतो, हे आपल्याला बाजारातल्या दलालाने सांगायची गरज नाही. आपल्याकडे दोन वेळा मागणी चढते. चैत्र-वैशाखात जत्रा, आणि त्यानंतर आखाड. श्रावण लागला की बाजार बसतो. म्हणून पिल्लांचं गणित उलट मोजा. अंडं उबवायला २१ दिवस, नर तयार व्हायला साडेचार-पाच महिने. जानेवारीच्या शेवटी खुडूक बसवली की फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पिल्लं, आणि जुलैत आखाडाला कोंबडा तयार. जत्रेचा माल हवा असेल तर दिवाळीच्या आसपास बसवा. नर चार महिन्यांचे झाले की वेगळे करा, महिनाभर नीट खायला घाला आणि सगळे एकदम काढा. आखाडात न विकलेला कोंबडा पुढचे दोन महिने आपलं धान्य खाणार आहे, हे लक्षात ठेवा.

४) बदल. एकच नर तीन-चार वर्षं ठेवला की तो आपल्याच लेकींवर लागतो. पिल्लं नाजूक निघतात, अंडी नीट उबत नाहीत. वर्ष-दीड वर्षाने दुसऱ्या गावातल्या ओळखीच्या माणसाशी नर बदलून घ्या. आणलेला नर पंधरा-वीस दिवस वेगळा ठेवायचा, मगच कळपात सोडायचा. मानमोडी अशाच आणलेल्या पक्ष्यातून येते. लसोटा आणि आर टू बी च्या लसी गावच्या दवाखान्यात विचारून वेळेवर करा. आणि जुना नर काढल्यावर निदान तीन आठवडे जाऊ द्या. त्यानंतरचीच अंडी उबवायला ठेवली की पिल्लं नव्या नराची असल्याची खात्री असते.

महागड्या जातीचा कोंबडा मिरवायचा ज्यांना सोस आहे, त्यांनी २०१९ आठवावं. कडकनाथच्या नावाने सांगली-कोल्हापूरकडे किती शेतकरी बुडाले, ते सगळ्यांनी पाहिलं. कडकनाथ जात वाईट नाही. "पक्षी घ्या, अंडी आम्हीच परत घेऊ" या बोलण्यावर कर्ज काढणं वाईट होतं.

आता फरशीकडे येते.

सारवलेल्या घराचे फोटो मोबाईलवर टाकून "गेले ते दिवस" लिहिणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. त्यांनी एक आठवडा स्वतः सारवावं. शेण गोळा करायचं, कालवायचं, उकिडवं बसून हाताने घर फिरवायचं, पावसाळ्यात पोपडे निघाले की पुन्हा माती चोपायची. माझ्या सासूबाईंनी चाळीस वर्षं ते केलं, त्यांना विचारा त्या दिवसांचं कौतुक. तेव्हा मी मातीच्या भुईची आरती ओवाळत नाही. फरशी आली हे चांगलंच झालं. प्रश्न कसली आली हा आहे.

घरकुल असो की स्वतः बांधलेलं घर, आता सगळ्यांना हवी ती गुळगुळीत, चकचकीत टाइल. का? पाहुणा आला की "वा" म्हणतो म्हणून. पण आपल्या घरात बाई खाली बसून भाकरी थापते, भाजी निवडते, धान्य पाखडते. म्हातारी माणसं खाली बसतात, पोरं खाली अभ्यास करतात. शहरातल्यासारखं सोफ्यावर बसून आणि चप्पल घालून आपण घरात फिरत नाही. आपलं सगळं आयुष्य भुईवर. मग भुई कशी हवी ते बसणाऱ्याला विचारायला नको?

थंडीत पहाटे टाइलवर अनवाणी पाय ठेवा. माती आणि टाइल एकाच खोलीत एकाच तापमानाला असली तरी टाइल जास्त गार लागते, कारण ती पायातली ऊब झपाट्याने ओढून घेते. माती हळू ओढते. पहाटे पाचला उठून चुलीपुढे दोन तास बसणाऱ्या बाईचे गुडघे याच गारठ्याने आखडतात. पावसाळ्यात ओलसर वारं गार टाइलवर आलं की फरशीला घाम सुटतो. त्यावर शेतातून आलेले चिखलाचे पाय आणि त्यावर कोंबडीची शीट. गेल्या पावसाळ्यात आमच्या वाडीत एक आजी ओसरीवरच घसरल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशनचा खर्च टाइलच्या बिलाच्या कितीतरी पट झाला. आजी अजून काठीवर आहेत.

म्हणून माझं मत सांगते. ओसरी, स्वयंपाकघर आणि मोरीजवळ पॉलिश न केलेली शहाबादी किंवा खडबडीत कोटा टाका. टाइलच हवी असेल तर दुकानात न घसरणारी मागा, आणि घ्यायच्या आधी तिच्यावर पाणी ओतून अनवाणी उभं राहून बघा. दुकानदार हसला तर हसू द्या. खाली दगडाचं सोलिंग, त्यावर मुरूम नीट चोपलेला, आणि त्यावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरून मगच कोबा करा, म्हणजे जमिनीतली ओल वर चढत नाही. मोरीकडे उतार ठेवा. चकचकीत फरशी आधीच टाकून झाली असेल तर काढू नका. बसायच्या जागी पाट, जुनी घोंगडी किंवा गोणपाट दुहेरी शिवून घाला, आणि ते आठवड्याला उन्हात टाका. ओसरीच्या पायरीवर सिमेंटच्या खडबडीत पट्ट्या मारून घ्या. याला फार पैसे लागत नाहीत. फक्त ठरवायला हवं.

आता गंमत बघा. माणसाला गार, गुळगुळीत फरशी दिली आणि कोंबड्यांनाही तेच केलं! नवीन खुराडं बांधलं की खाली नुसतं सिमेंट, "धुवायला सोपं" म्हणून. धुतलं की ओल राहते, आणि ओलीतच रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. उंच दांडीवरून जड कोंबडा रोज सिमेंटवर उडी मारतो, त्याच्या तळपायाला जखम होते, आत पू धरतो आणि वर काळी खपली येते. लंगडणारा कोंबडा दिसला की आधी त्याचा तळपाय उलटा करून बघा. सिमेंट असू द्या, घुशी-मुंगूस उकरत नाहीत. पण त्यावर तीन-चार इंच तूस, भुईमुगाची टरफलं किंवा लाकडाचा भुसा पसरा. आठवड्याला फावड्याने खालीवर करा, पावसाळ्यात दोनदा. मुठीत दाबल्यावर गोळा झाला तर ओल जास्त आहे, वरचं काढून कोरडं टाका. वाकल्यावर डोळे चुरचुरले तर गादी बदलायची वेळ झाली. दांडी दोन-अडीच फुटांच्या वर नको, आणि कडा गोल तासलेली हवी. निघालेली गादी चार-पाच महिने कुजवा आणि मग शेतात घाला. ताजी घातली तर पीक जळेल.

म्हणजे घराची भुई कोरडी आणि पाय धरणारी, खुराड्याची कोरडी आणि मऊ. या दोन भुयांवरचे पायही एकमेकांत मिसळायला नकोत.

कोंबड्या घरात का येतात? कारण आपण दाणे दारात टाकतो. कोंबडा उंबऱ्यावर उभा राहून टुकटुक करतो आणि सगळं लटांबर ओसरीवर चढतं. उद्यापासून दाणे दारापासून पंचवीस-तीस पावलं लांब टाका, रोज एकाच जागी, एकाच वेळी. आठ-दहा दिवसांत कोंबड्या ती जागा धरतात. दाराला तीन फुटी जाळीचं अर्धं दार बसवा. रांगणारं मूल असेल तर हे उद्याच करा. कोंबडीच्या शिटेत साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, आणि रांगणाऱ्या मुलाचा हात फरशीवरून थेट तोंडात जातो.

आणि आता आमच्या कृषी आणि पशुसंवर्धनाच्या साहेब लोकांना. तुम्ही चांगलं काम करता, लस देता, पिल्लं देता. पण मी ज्या प्रशिक्षणांना बसले तिथं पुढच्या खुर्च्यांवर गडीमाणसं होती आणि कोंबड्या पाळणाऱ्या बाया मागे, सतरंजीवर. प्रकल्प अहवालात पिल्लांची किंमत, खाद्य, लस, मरतूक असे सगळे रकाने होते. शीट काढणं, पाणी भरणं, संध्याकाळी कोंबड्या कोंडणं याचा रकाना नव्हता. तो एक रकाना घाला. रोजचा फक्त एक तास धरा आणि गावातल्या बाईच्या मजुरीचा दर लावा. मग बघा कुठलं मॉडेल टिकतं आणि कुठलं कोसळतं. ज्या परसात दहाला एक नर, लांब दाणा आणि कोरडी गादी आहे तिथं तो तास कमी होतो. ज्या परसात सहा कोंबडे आणि ओसरीवर शीट आहे, तिथं अंड्याचे सगळे पैसे त्या रकान्यातच जातात.

कुणी म्हणेल, घरच्या कामाची मजुरी लावायची का आता? लावा ना. ट्रॅक्टर घरचा असला तरी भाड्याचा हिशोब मांडताच की तुम्ही. गुडघे घरचे आहेत म्हणून ते फुकट?

आखाड तोंडावर आलाय. या आठवड्यात एक काम करा. संध्याकाळी कोंबड्या कोंडताना नर आणि माद्या वेगवेगळ्या मोजा. दहाला एक आणि एक राखीव सोडून बाकीचे बाजार बसायच्या आत विका. आलेल्या पैशातून आधी अर्धं दार आणि ओसरीच्या खडबडीत पट्ट्या करा. काय करायचं ते ठरवताना पोतेरं जिच्या हातात आहे तिला विचारा, आणि तिचंच ऐका.

आकडे इथं लिहा. माद्या किती, नर किती. लपवू नका, मी कुणाचं हसं करणार नाही.